पहिल्या नेमबाजी स्पर्धेसाठी पिस्तूल आणि साहित्य कसे निवडावे

पहिल्या स्पर्धेसाठी नाव नोंदवले की बहुतेकांच्या मनात लगेच प्रश्न येतो तो नव्या पिस्तुलाचा, आणि माझ्या मते तोच प्रश्न सर्वांत शेवटी विचारायला हवा. फायरिंग पॉइंटवर, म्हणजे फैरी झाडण्याच्या जागी, उभे असताना ज्या पिस्तुलाचा वेगळा विचार करावा लागत नाही, ते पिस्तूल पहिल्या स्पर्धेसाठी योग्य. मग ते क्लबचे असो, मित्राचे असो किंवा स्वतःचे असो. ज्यावर तुम्ही निदान दोन-तीन महिने सराव केला आहे असे साधे पिस्तूल, आठवड्यापूर्वी खोक्यातून काढलेल्या उंची पिस्तुलापेक्षा जवळपास नेहमीच अधिक गुण देते.

येथे मुख्यतः १० मीटर एअर पिस्तूल या प्रकाराचा विचार केला आहे, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. १९८८ पासून ऑलिंपिकमध्ये असलेल्या या प्रकारात धक्का नगण्य असतो आणि आवाज कमी असतो, त्यामुळे चूक कुठे झाली हे लपत नाही. पात्रता फेरीत ६० फैरी झाडायच्या असतात. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर त्यासाठी १ तास १५ मिनिटे मिळतात आणि त्याआधी तयारी व सायटर फैरींसाठी, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या फैरींसाठी, १५ मिनिटे वेगळी असतात. टार्गेटवरचे दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे साधारण शर्टाच्या बटणाएवढे असते, आणि पिस्तूल एका हातातच धरायचे असते. सव्वा तास एका हाताने तेच काम साठ वेळा करायचे आहे, हे डोळ्यांसमोर ठेवले की साहित्याच्या निवडीतले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

आधी नियम, मग खरेदी

कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी ज्या स्पर्धेत उतरायचे आहे तिचे नियमपत्रक मागवून घ्यावे आणि आपल्या भागात एअर पिस्तूल बाळगण्याबाबत व त्याची ने-आण करण्याबाबत कायदा काय सांगतो, हे क्लबमधील जबाबदार व्यक्तीकडून समजून घ्यावे. बहुतेक स्पर्धांचे नियम आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या नियमांवर बेतलेले असतात. त्यांनुसार एअर पिस्तुलाचा कॅलिबर, म्हणजे नळीच्या छिद्राचा व्यास, ४.५ मिलिमीटर असावा लागतो, सर्व जोडण्यांसह वजन १,५०० ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, ट्रिगरचे वजन, म्हणजे तो सुटण्यासाठी लागणारा जोर, ५०० ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही आणि संपूर्ण पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावे लागते. साइट, म्हणजे नेम धरण्यासाठी असलेली पुढची फ्रंट साइट आणि मागची खाच, उघड्या असाव्या लागतात; दुर्बीण, लेझर, आरसा यांपैकी काहीही पिस्तुलावर लावता येत नाही. ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, हाताला वेढणारी नसावी आणि मनगटाला तिचा कोणताही आधार मिळता कामा नये.

कारखान्यातून आलेले स्पर्धेचे पिस्तूल या मापांत बसतेच, त्यामुळे नवोदित नेमबाज अडकतो तो बहुधा ट्रिगरपाशी. साहित्य तपासणीच्या टेबलावर ५०० ग्रॅमचे एक वजन ठेवलेले असते. पिस्तूल कॉक करून, म्हणजे ट्रिगर ओढताच सुटेल असे तयार ठेवून, नळी सरळ वर धरून, ट्रिगरवर ते वजन अडकवतात आणि अलगद वर उचलतात. वजन टेबलावरून पूर्ण सुटले आणि ट्रिगर सुटला नाही, तर पिस्तूल उत्तीर्ण झाले. यासाठी तीन प्रयत्न मिळतात.

माझ्या पहिल्या स्पर्धेत मी ट्रिगर घरीच, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलेल्या वाळूच्या पिशवीने, बरोबर ५०० वर आणून ठेवला होता, आणि त्या अचूकपणाचा मला अभिमानही वाटत होता. तपासणीत पहिल्या प्रयत्नात ट्रिगर सुटला, दुसऱ्यात सुटला, तिसऱ्यातही सुटला. मागे रांग ताटकळत असताना थरथरत्या हाताने स्क्रू अर्धा फेरा पिळला, पिस्तूल पुन्हा तपासून घेतले आणि ते उत्तीर्ण झाले. पण बोटाला जो ट्रिगर ठाऊक होता तो आता राहिला नव्हता, आणि पहिल्या दहा फैरी ‘आता सुटेल, आता सुटेल’ अशी वाट पाहण्यातच गेल्या. तेव्हापासून मी ट्रिगर ५१५ ते ५२० ग्रॅमच्या खाली ठेवत नाही. ते वीस ग्रॅम बोटाला जाणवतसुद्धा नाहीत. एवढेच नव्हे, तर स्पर्धा संपल्यावरही काही नेमबाजांची अचानक तपासणी होते आणि त्या वेळी ट्रिगर हलका आढळला तर थेट अपात्र ठरवले जाते.

ग्रिप: खरा निर्णय इथे आहे

पिस्तूल निवडताना लोक नळी, वेग आणि कंपनी यांविषयी तासन्‌तास बोलतात. हाताला प्रत्यक्ष स्पर्श करते ती मात्र फक्त ग्रिप. ती का महत्त्वाची आहे हे एका साध्या हिशोबाने कळते. समजा, पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर ३२० मिलिमीटर आहे. हात स्थिर नसल्याने संपूर्ण पिस्तूल समांतर ५ मिलिमीटर सरकले, तर टार्गेटवरही छर्रा ५ मिलिमीटरच सरकतो आणि दहाच मिळतात. पण मनगट किंचित वळल्यामुळे फ्रंट साइट मागच्या खाचेच्या तुलनेत केवळ १ मिलिमीटर बाजूला गेली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३१ मिलिमीटर दूर पडतो, म्हणजे जेमतेम सात गुण मिळतात. हात हलणे हा नवशिक्याला वाटतो तेवढा मोठा शत्रू नाही. मनगटाचा कोन बदलणे हा खरा शत्रू आहे, आणि मनगट दर वेळी त्याच कोनात राहावे यासाठीच ग्रिप असते.

ग्रिप हाताला बसते की नाही हे पाहण्याची एक जुनी आणि अत्यंत विश्वासार्ह पद्धत आहे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून, सुरक्षित दिशेला, कोऱ्या भिंतीसमोर उभे राहावे. पिस्तूल नेहमीप्रमाणे हातात घ्यावे, डोळे मिटावेत, हात नेमाच्या उंचीपर्यंत उचलावा, एक श्वास सोडावा आणि मग डोळे उघडावेत. फ्रंट साइट मागच्या खाचेत मधोमध दिसली आणि दोन्हींच्या कडा वरून एका रेषेत असल्या, तर ग्रिप तुमची आहे. फ्रंट साइट दर वेळी डावीकडे किंवा खाली दिसत असेल, तर दोष तुमचा नसून ग्रिपचा आहे. तिचा कोन बदलावा लागेल, किंवा दुसऱ्या मापाची ग्रिप घ्यावी लागेल. हा प्रयोग एकदा करून थांबू नये. किमान दहा वेळा करावा आणि दर वेळी पिस्तूल खाली ठेवून ते नव्याने हातात घ्यावे, कारण पकड किती सारखी बसते हेच तर पाहायचे असते.

स्पर्धेच्या पिस्तुलांच्या लाकडी ग्रिप लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत आणि डाव्या किंवा उजव्या हातासाठी स्वतंत्र मिळतात. तळहाताखाली एक वर-खाली सरकणारी फळी असते. ती तळहाताला नुसती टेकलेली असावी. अनेक जण ती इतकी घट्ट आवळतात की वीस मिनिटांत करंगळी बधिर होते. मध्यमा आणि अनामिका यांनी पिस्तूल सरळ मागे धरायचे, अंगठा निवांत टेकवायचा आणि तर्जनी लाकडाला कुठेही न घासता मोकळी फिरली पाहिजे. तर्जनी लाकडाला घासत असेल तर तेवढ्याच जागी बारीक पॉलिश पेपर फिरवावा. तळहातात पोकळी राहत असेल तर लाकडाची लुकण थोडी थोडी भरत जावी. हे काम उरकण्याच्या घाईने करू नये: आज थोडे घासावे, दोन दिवस सराव करावा, मग पुन्हा पाहावे. काढलेले लाकूड परत येत नाही. आणि घासताना फळीचा व मुठीचा कोन ९० अंशांपेक्षा कमी होणार नाही, याकडे लक्ष ठेवावे, अन्यथा तपासणीत ग्रिप बाद होईल.

पिस्तुलाचा प्रकार

आज स्पर्धांमध्ये दिसणारी बहुतेक पिस्तुले दाबाखालील हवेच्या सिलिंडरवर चालतात. स्टायर, मोरिनी, वाल्थर, फाइनवेर्कबाउ, पार्दिनी ही नावे रेंजवर सतत कानावर पडतील, आणि खरे सांगायचे तर यांपैकी कोणतेही सुस्थितीतील पिस्तूल हातात न धरता यांत्रिक पकडीत घट्ट बसवून झाडले, तर नवोदित नेमबाजाच्या क्षमतेच्या कितीतरी पलीकडची अचूकता देते. म्हणून त्यांच्यातली निवड अचूकतेवर करू नये. ज्याची ग्रिप वर सांगितलेल्या परीक्षेत उतरते, ज्याची दुरुस्ती जवळपास होते आणि ज्याचे सुटे भाग मिळतात, ते घ्यावे. हात लहान असेल किंवा नेमबाज किशोरवयीन असेल, तर आखूड व हलके मॉडेल अवश्य पाहावे. पुढच्या बाजूला जास्त वजन असलेले पिस्तूल दुकानात पाच मिनिटे स्थिर वाटते, पण चाळिसाव्या फैरीनंतर खांदा त्याची किंमत वसूल करतो.

दुसरा प्रकार प्रत्येक फैरीपूर्वी बाजूची किंवा खालची दांडी ओढून हवा भरण्याचा. यात सिलिंडर नाही, तो भरण्याची कटकट नाही, आणि अचूकताही उत्तम असते. पण साठ फैरी आणि सायटर मिळून ती दांडी सत्तरएक वेळा ओढावी लागते आणि त्यात पकड दर वेळी मोडते. सरावासाठी आणि पहिल्या एक-दोन स्पर्धांसाठी हे पिस्तूल मुळीच कमीपणाचे नाही.

ट्रिगर यांत्रिक घ्यावा की इलेक्ट्रॉनिक, हा वाद मी नवोदितांच्या बाबतीत निरर्थक मानतो. ट्रिगर दोन टप्प्यांचा असावा. पहिला टप्पा मोकळा सरकून एका ठिकाणी स्पष्ट थांबावा आणि तेथून पुढे, न घसरता, तो एकदम सुटावा, एवढे पुरे. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घेतलाच, तर जास्तीची बॅटरी पिशवीत हवी.

वापरलेले पिस्तूल घ्यायला हरकत नाही, किंबहुना मी तेच सुचवीन, मात्र सर्वप्रथम सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचावी. अनेक उत्पादक सिलिंडरला १० वर्षांची मुदत देतात, ती संपलेला सिलिंडर वापरणे धोक्याचे असते आणि स्पर्धेत त्याची जबाबदारी नेमबाजावरच येते. सिलिंडर भरून दाबमापकावरचा आकडा लिहून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावा. काटा खाली आला असेल तर सील बदलण्याचा खर्च व्यवहारात धरावा. सिलिंडरमध्ये फक्त कोरडी, स्वच्छ हवा, उत्पादकाने सांगितलेल्या दाबापर्यंतच, म्हणजे बहुधा २०० बारपर्यंत, हळूहळू भरावी. शुद्ध ऑक्सिजन कधीही भरू नये: तेलाच्या अंशाशी संपर्क आल्यास स्फोट होऊ शकतो.

साइट आणि डोळा

मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो, आणि पिस्तूल नेमबाजीत ते अंतर फ्रंट साइटचे असते. फ्रंट साइटच्या कडा धारदार दिसाव्यात आणि टार्गेटचा काळा गोल मागे धूसर राहावा. नवशिक्याला हे पटायला वेळ लागतो, कारण धूसर दिसणाऱ्या गोष्टीवर नेम धरणे मनाला रुचत नाही. पण वरचा ३१ मिलिमीटरचा हिशोब पुन्हा आठवावा. याच कारणासाठी बहुतेक नेमबाज काळ्या गोलाच्या मध्यावर नेम न धरता खाली पांढऱ्या भागात धरतात, म्हणजे काळ्यावर काळी साइट हरवत नाही.

फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंना खाचेत प्रकाशाची पट्टी दिसली पाहिजे. सुरुवातीला ही पट्टी जरा रुंदच ठेवावी. अगदी चिंचोळी पट्टी अचूक वाटते, परंतु डोळा तिच्याशी झगडत राहतो, नेम लांबतो आणि हात थकतो.

चष्मा लागत असेल तर नेमबाजीचा खास चष्मा घेण्यापूर्वी नेत्रतपासणी करून घ्यावी. त्यासाठी पिस्तूल सोबत नेण्याची गरज नाही, आणि ते नेऊही नये. घरी नेमाच्या स्थितीत उभे राहून डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचे अंतर कुणाकडून तरी दोऱ्याने मोजून घ्यावे, दोरा तेवढाच कापावा आणि तपासणाऱ्याला देऊन ‘एवढ्या अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसायला हवी’ असे सांगावे. लांबच्या नंबरात अर्धा ते पाऊण डायॉप्टरची (भिंगाच्या नंबराचे एकक) भर पडल्यावर बहुतेकांचे काम होते. दुसरा डोळा मिटून धरू नये, त्याने चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात. त्याऐवजी त्या डोळ्यासमोर साधी अपारदर्शक पट्टी लावावी. ही पट्टी ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेच यांनी मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्यपदक मिळवले, ते नेहमीचा चष्मा आणि कानातल्या बोळ्यांवर, एक हात खिशात घालून. त्यांचे छायाचित्र जगभर फिरले आणि नेमबाजीच्या खास चष्म्याविना उतरण्याचे कौतुक झाले, हे मला फारसे पटले नाही, कारण त्यामागची अनेक वर्षांची साधना छायाचित्रात दिसत नाही. तरीही खास चष्म्याच्या झडपा, भिंगे आणि पडदे हे सर्व पहिल्या दिवसापासून लागतेच असे नाही, एवढे मात्र त्यातून खरेच कळते.

छर्रे

स्पर्धेसाठी चपट्या तोंडाचे छर्रे, म्हणजे रेंजवरच्या भाषेत पेलेट, वापरतात. ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात, त्यामुळे गुण वाचताना वाद होत नाही. वजन साधारण अर्धा ग्रॅम असते आणि डब्यावर ४.४९, ४.५० असा डोक्याचा व्यास छापलेला असतो. वेगवेगळ्या व्यासांचे छर्रे पिस्तूल पकडीत बसवून तपासण्याची हौस पुढे कधीतरी करावी. आता एका चांगल्या कंपनीचा एकच प्रकार घ्यावा, स्पर्धेपूर्वीच्या महिन्यात तोच वापरावा आणि भरताना ज्याची मागची कड दबली आहे असा छर्रा बाजूला टाकावा. छर्रे शिशाचे असतात. हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

कपडे, बूट आणि पिशवी

पिस्तूल नेमबाजीत रायफलसारखे जाड कॅनव्हासचे जाकीट किंवा पॅन्ट नसते, ही खिशाच्या दृष्टीने आनंदाची बाब आहे. खांदा मोकळा फिरेल असा टी-शर्ट आणि साधी ट्रॅक पॅन्ट पुरते. जीन्स आणि लष्करी ठिपक्यांचे कपडे आयएसएसएफच्या स्पर्धांत चालत नाहीत. पिस्तूल धरणाऱ्या हातात घड्याळ, कडे, गंडा, मनगटपट्टी यांपैकी काहीही चालत नाही; मनगटावरचा धागा श्रद्धेचा असेल तर तो आदल्या दिवशीच दुसऱ्या हाताला बांधावा, म्हणजे ऐन वेळी वाद नको.

बूट सपाट तळाचे हवेत, आणि घोट्याचे हाड झाकणारे उंच बूट चालत नाहीत. तळवा पुढच्या अर्ध्या भागात सहज वाकला पाहिजे. धावण्याचे गुबगुबीत बूट टाळावेत, कारण मऊ तळव्यावर शरीर सतत बारीक डोलत राहते आणि त्याचा दोष आपण उगाच हाताला देतो. पिस्तुलासाठी बनवलेले बूट मिळतात, परंतु साधे, सपाट, रबरी तळाचे कॅनव्हास बूटही पहिल्या वर्षी पुरे होतात.

कानांसाठी बोळे किंवा कर्णरक्षक घ्यावेत. एअर पिस्तुलाचा आवाज मोठा नसला तरी शेजाऱ्याच्या फैरीने दचकणे थांबते. आवाज वाढवणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे चालत नाहीत. मोबाइल फायरिंग पॉइंटवर नेता येत नाही, त्यामुळे वेळ पाहण्यासाठी छोटे टायमर किंवा दुसऱ्या हातातले साधे घड्याळ असू द्यावे.

सुरक्षा झेंडी किंवा नळीच्या पूर्ण लांबीतून जाणारी रंगीत दोरी ही या यादीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सक्तीची वस्तू आहे. पिस्तूल खोक्यातून निघाल्यापासून तयारी व सायटरची वेळ सुरू झाल्याची आज्ञा होईपर्यंत ती नळीत हवी. ती नेहमी हरवते, म्हणून दोन ठेवाव्यात. खोक्यात पिस्तुलाच्या स्क्रूंना बसणाऱ्या ॲलन चाव्या, साइट फिरवण्याचा छोटा स्क्रूड्रायव्हर, सिलिंडर भरण्याचा ॲडाप्टर, दोन-चार सील आणि घाम पुसायला सुती रुमाल असावा.

हत्यार ऐन वेळी दगा देते आणि ते मोठ्या नेमबाजांच्याही बाबतीत घडते. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात मध्येच बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि ५७५ गुणांसह ती बाराव्या स्थानावर राहून अंतिम फेरीला मुकली. पॅरिसमध्ये याच प्रकारात तिने कांस्यपदक जिंकले. नवोदिताकडे दुसरे पिस्तूल नसते, आणि असण्याची गरजही नाही, परंतु क्लबचे एखादे पिस्तूल वेळेला मिळू शकेल का, हे आधी विचारून ठेवायला काहीच लागत नाही.

शेवटचे दोन आठवडे

या काळात काहीही बदलू नये: ग्रिप घासू नये, ट्रिगरचा स्क्रू फिरवू नये, नवा चष्मा लावू नये. रोज वीस मिनिटे ड्राय फायरिंग करावे, म्हणजे छर्रा न भरता, कोऱ्या भिंतीसमोर, फ्रंट साइट पाहत ट्रिगर ओढावा. आजच्या बहुतेक स्पर्धा-पिस्तुलांत त्यासाठी वेगळी सोय असते. या सरावात ट्रिगर सुटताना साइट हलते का, एवढेच पाहायचे. निदान एकदा, शक्य तर दोनदा, संपूर्ण ६० फैरींचा सामना घड्याळ लावून, स्पर्धेचेच कपडे आणि बूट घालून खेळावा. कोणती वस्तू टोचते, कुठला बूट चावतो, एका भरणीत सिलिंडर किती फैरी पुरतो आणि चाळिसाव्या फैरीनंतर तहान किती लागते, हे सर्व त्या एका सकाळी कळते.

आदल्या संध्याकाळी सिलिंडर भरावा, स्क्रू एकेक करून हाताने चाचपावेत, साइटचे आकडे कागदावर लिहून खोक्याच्या झाकणाला चिकटवावेत आणि झेंडी नळीत घालून खोके बंद करावे. रेंजवर वेळेच्या तासभर आधी पोहोचून साहित्य तपासणी उरकावी. अनोळखी रेंजवर प्रकाश वेगळा असतो आणि घरच्या रेंजवर दहात बसणारे छर्रे तिथे खाली किंवा बाजूला जमू लागतात. त्या वेळी घाबरून नेम बदलू नये. सायटरच्या १५ मिनिटांत एकाच पद्धतीने पाच फैरी झाडाव्यात, त्यांचा पुंजका कुठे पडतो ते पाहावे, आणि मगच साइटचा स्क्रू दोन क्लिक फिरवून पुढच्या पाच झाडाव्यात.